जन्मापासून एचआयव्ही असलेली आपली पोरं आता विशीत आलीत. पुढं काय?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

नमस्कार. मुद्दाम नवा आयडी काढून लिहितोय, जुन्या आयडीवर गावातले लोक ओळखतात. यवतमाळ जिल्हा, एवढं पुरे.

माझा भाचा वीस वर्षांचा आहे. जन्मापासून एचआयव्ही. त्याचे वडील हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचे, ते आधी गेले, मागोमाग माझी बहीण. पोरगा तेव्हा अंगणवाडीत. सारखा ताप, अंगावर फोड, वजन काही केल्या वाढेना, म्हणून तपासलं तेव्हा हे निघालं. २००९ च्या सुमारास एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारं रोजचं औषध, सुरू झाली. त्याला वाढवलं माझ्या आईनं. ती शिकलेली नाही, पण गोळी चुकू दिली नाही. सकाळची एसटी फाट्यावरून गेली की एक, रात्री टीव्हीवर बातम्या लागल्या की दुसरी. पाहुणे आले तरी, लग्नाची पंगत बसली तरी.

दहावीनंतर तो तालुक्याला होस्टेलवर राहिला आणि तिथून बिघडलं. गोळ्या घेतो म्हणायचा, घेत नव्हता. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं मोजमाप, लाखाच्या घरात गेला, टीबी झाला, पोरगा काटकुळा झाला. पुढचं सगळं सांगत नाही. आता बरा आहे. टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) एक गोळी रोज चालू आहे, शेवटच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे व्हायरस सापडला नाही, असं आलंय. आयटीआय झालाय आणि चाकणला एका कंपनीत लागतोय.

माझं विचारणं असं. चार-पाच वर्षांचा असल्यापासून गोळ्या खाणाऱ्या पोराचं चाळिशीत काय होतं? औषधं काही वर्षांनी लागू पडेनाशी होतात का? त्याची उंची कमी राहिली, गाल आत गेलेत, ते आता भरून येईल का? लग्नाचं काय? गावात कोणाला विचारता येत नाही. औषध मिळतं त्या एआरटी केंद्रात विचारावं तर रांग एवढी असते की डॉक्टरांना मान वर करायला फुरसत नसते.

ओपीडीतला_माणूस

पऱ्हाटीभाऊ, मी बालरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातलाच. जरा लांबण लागेल.

तुमच्या भाच्याच्या वयाची मुलं म्हणजे आपल्याकडची पहिली पिढी. सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम मात्र २००६ च्या अखेरीस आला. तोवर मोठ्यांच्या गोळीचे अर्धे-पाव तुकडे करून द्यायचे आणि मात्रा बरोबर बसली असेल अशी आशा करायची. आफ्रिकेतली उपचारापूर्वीच्या काळातली आकडेवारी अशी आहे की जन्मतः लागण झालेली आणि औषध न मिळालेली निम्मी मुलं दोन वर्षांच्या आत गेली. तुमचा भाचा औषधाविना चार वर्षं टिकला, म्हणजे तो मुळात त्यातला चिवट. पण त्या चार वर्षांची किंमत शरीर मोजतं. उंची बहुधा तिथेच राहिली. लवकर, म्हणजे तान्हेपणीच, औषध सुरू झालेली मुलं उंचीत बरीच भरून काढतात. उशिरा सुरू झालेल्यांची वाढ मागे राहते, वयात येणंही लांबतं. विशीनंतर उंचीची आशा धरू नका.

गालांचं कारण बहुतेक स्टॅव्हुडिन. त्या काळी तेच स्वस्त होतं आणि तेच सगळीकडे दिलं जायचं. जीव वाचवला त्यानं, पण चेहऱ्यावरची, हातापायांवरची चरबी खाल्ली, काहींच्या पायांत कायमच्या मुंग्या ठेवून गेलं. पुढे जगभर ते बंद झालं. गेलेली चरबी थोडी परत येते, पूर्ण येत नाही.

आता मुख्य प्रश्न. औषध काही वर्षांनी लागू पडेनासं होतं का? व्हायरस दाबलेला असेल तर नाही. व्हायरस स्वतःच्या प्रती काढतो तेव्हाच तो बदलतो आणि बदलतो तेव्हाच औषधाला दाद देईनासा होतो. प्रतीच निघत नसतील तर बदलणार कोण? धोका कधी, तर औषध अर्धवट पोटात असताना. दोन दिवस घेतलं, चार दिवस नाही, पुन्हा तीन दिवस घेतलं. नेव्हिरापिन आणि इफाविरेन्झ या जुन्या औषधांना तर व्हायरसमधला एकच बदल पुरायचा, मग ती जवळजवळ निकामी. डोलुटेग्रॅविर, म्हणजे टीएलडीतला ‘डी’, त्या मानानं फार कणखर आहे. ओडिसी नावाच्या चाचणीत मुलं आणि किशोर यांच्यावर याची इतर उपचारांशी तुलना केली. ९६ आठवड्यांत उपचार फसण्याचं प्रमाण डोलुटेग्रॅविरवर १४ टक्के, इतरांवर २२ टक्के. आधीची औषधं फेल गेलेल्या मोठ्या रुग्णांतही ते चांगलं चालतं, हे नाडिया या चाचणीत दिसलं. म्हणजे होस्टेलच्या त्या वर्षानंतरही भाच्याच्या हातात चांगलं औषध आहे.

चाळिशीचं म्हणाल तर जन्मापासून औषधावर असून चाळिशी गाठलेली माणसं जगातच थोडी आहेत, कारण तीन औषधांचा एकत्र उपचार आला १९९६ च्या सुमारास. पण तेव्हा तिशीत औषध सुरू केलेले लोक आज साठीत आहेत आणि नातवंडं खेळवताहेत. सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला असताना सुरू करून नेमानं घेणाऱ्याचं आयुष्य आज इतरांच्या जवळपास जातं.

सडेतोड

डॉक्टर साहेब, माफ करा पण एक शंका. रिपोर्टमध्ये व्हायरस सापडतच नाही म्हणता, तर मग गोळ्या कशाला चालू ठेवायच्या? कंपन्यांचा धंदा नाही का हा? आमच्याकडे एक वैद्य आहेत, ते सहा महिन्यांत मुळापासून…

पांदणरस्ता

झालं सुरू. भाऊ, तुमच्या वैद्याले म्हणा अगोदर कायदा वाच. एड्स बरा करतो अशी जाहिरात कराले औषध कायद्याच्या शेड्यूल जे मधे बंदी हाय.

मी बारा गावं फिरून या लेकराईच्या घरी जायचं काम केलं हाय. वैद्याच्या नादी लागून गोळ्या सोडलेले मले माहीत हायेत. दोन महिने ठणठणीत वाटते मानसाले. तिसऱ्या महिन्यात खोकला.

ओपीडीतला_माणूस

‘सापडत नाही’ म्हणजे रक्तात मोजता येण्याइतका नाही. काही पेशींच्या आत तो झोपून असतो आणि तिथं औषध पोचून काही करू शकत नाही. गोळी थांबली की साधारण दोन ते चार आठवड्यांत तो पुन्हा रक्तात दिसू लागतो. शंका रास्त आहे, तरुण पोरं हीच विचारतात. वैद्यांचं मात्र राहू द्या.

प्रशासक

फोन नंबर आणि औषधाची जाहिरात असलेला एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. धाग्यावर कोणीही कुणाची ओळख पटेल असा तपशील देऊ नये.

बोरी_बाभळी

तीन दिवस नुसती वाचतेय. आज लिहिते.

मी पंचवीसची आहे. जन्मापासूनच. वर्धा जिल्ह्यातलं गाव, आता नागपुरात नोकरी. पऱ्हाटीकाका, तुमचा भाचा होस्टेलवर का घसरला हे कुणी विचारलं का त्याला? मी सांगते माझं.

घरी असताना गोळी ही माझी गोष्टच नव्हती. ती मावशीची होती. मावशी पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी राहायची, मी गिळायची. ‘रक्त वाढायची गोळी’ असं सांगितलं होतं. खरं काय ते मला सातवीत कळलं, केंद्राच्या भिंतीवरचं पोस्टर वाचून. मराठी वाचता येत होतं ना मला! मोठ्यांना वाटतं लेकरू रांगेत बसून नुसतं पाय हलवतंय. तिथून पुढे दोन वर्षं मी कुणाला बोलले नाही की मला माहीत आहे, आणि घरच्यांनी मला सांगितलं नाही. दोन्हीकडून नाटक.

मग होस्टेल. आठ मुली एका खोलीत, एक लोखंडी पेटी, कुलूप नावाला. डब्यावर औषधाचं नाव छापलेलं, आणि नाव मोबाईलवर टाकलं की सगळं बाहेर. एका मुलीनं टाकलंच. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण माझा बिछाना सरकवला. त्यानंतर मी गोळी बाथरूममध्ये जाऊन घ्यायची, तिथं कुणी असलं की राहून जायची. तेव्हा इफाविरेन्झ होतं, झोपताना घ्यायचं. बारावीच्या अभ्यासात ते घेतलं की डोकं गरगरायचं, रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं. परीक्षेच्या आठवड्यात मी ते ठरवून बंद केलं. पेपर चांगले गेले आणि वाटलं, बघा, काहीच होत नाही.

तर प्रश्न औषधाचा नव्हता. औषध चांगलंच होतं. ज्या दिवशी गोळी मावशीच्या हातून माझ्या हातात आली त्या दिवशी तिच्यासोबत दुसरं काहीच माझ्या हातात आलं नाही. ना कारण, ना कुलूपबंद कपाट, ना एखादा असा माणूस जो ऐकून घेईल.

पऱ्हाटी

बोरी_बाभळी, पोरी, वाचून सुन्न झालो. आमच्या घरीही ‘ताकदीची गोळी’ असंच चाललं होतं. आईचं म्हणणं, लेकरू शाळेत बोलून जाईल, मग गाव त्याला पाणी पाजणार नाही. तिचंही खोटं नव्हतं. तेव्हा आमच्याच गावात एका घराला विहिरीवर वेगळी बादली ठेवायला लावली होती.

समुपदेशन_खिडकी

मी एका एआरटी केंद्रावर समुपदेशक होते, आता निवृत्त. आजीचं भय मी खूप ऐकलंय, त्यामुळे हसण्यावारी नेत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ सालीच सांगितलंय की शाळकरी वयात, सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगत जावं. एकदम नाही. आधी ‘तुझ्या रक्तात एक किडा आहे, तो झोपलेला राहावा म्हणून गोळी’. नाव नंतर. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हेही त्याच्याशी बोलायचं, कारण गुपित ठेवायला लहान मूलसुद्धा शिकतं, फक्त ते कशाचं आहे हे त्याला माहीत हवं. माझ्या पाहण्यातली जी मुलं नववी-दहावीच्या आत सगळं जाणून होती ती होस्टेलवर तुलनेनं कमी घसरली.

जुन्या औषधांच्या वेळी आम्ही गोळ्या मोजायचो. महिन्याचे ६० डोस, तीनपेक्षा जास्त चुकले तर ९५ टक्क्यांच्या खाली. मुलं हुशार. केंद्रावर यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या शेतात फेकून यायची आणि रिकामा डबा दाखवायची. आम्हाला रजिस्टरवर शंभर टक्के दिसायचं. वर्षातून एकदा होणाऱ्या व्हायरल लोडनंच खरं कळायचं, आणि तोही आपल्याकडे सगळीकडे सुरू व्हायला बरीच वर्षं लागली. आधी नुसता सीडी४ असायचा, तो उशिरा पडतो.

तूरडाळ

मोजण्यापेक्षा वर्षातून एकदा रिकामा डबा दाखवणाऱ्याला ‘बाबा, राहून जातात का रे?’ असं नीट विचारलं असतं तर जास्त कळलं असतं. टोमणा नाही, सहज सुचलं.

समुपदेशन_खिडकी

टोमणा असला तरी चालेल, खरं आहे. एका दिवसात दीडशे रुग्ण असले की ‘नीट’ विचारायला जमत नाही एवढंच.

पांदणरस्ता

पोट्ट्याईचं होस्टेल म्हणता, पण गावात रायते त्याईचं बी आयका. केंद्र जिल्ह्याले. लिंक एआरटी सेंटर (मोठ्या केंद्राची शाखा) तालुक्याले झाले म्हनून थोडं सोपं झालं, पन तिथं समजा डॉक्टर रजेवर असला तं मानूस वापस. ऐन कापूस वेचनीत एक दिवस गेला म्हनजे मजुरी गेली. आजोबा म्हनते, चार दिवसानं जाऊ. चार दिवसाचे दहा होते. तेवढ्या दिवस गोळी नाही.

एसटीत या मानसाईले फुकट प्रवासाची सवलत हाय. कागदावर लय चांगली. पन कंडक्टर बाजूच्या गावचा असला तं पोट्टं तो कागद काढनार का खिशातून? एक पोट्टी मले म्हने, काका मी तिकीट काढते, पन तो कागद नाही दाखवत. कोविडमधे दोन-तीन महिन्याच्या गोळ्या एकदम द्याले लागले, त्यानं जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानंच नाही पडला. मी तं म्हनतो ज्याचा लोड दबलेला हाय त्याले तीन महिन्याचा डबा देऊनच टाकावा.

आनखी एक. माझ्याकडं एक पोरगी होती, तिले सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) बी अन् हे बी. तिचं रक्त सारखं कमी व्हाचं. डॉक्टर, त्याचं काय असते?

ओपीडीतला_माणूस

चांगला प्रश्न, आपल्या भागात हा योग येतोच. जुन्या उपचारातलं झिडोव्हुडिन स्वतःच रक्त कमी करतं. सिकलसेलवर देतात ते हायड्रॉक्सियुरियाही अस्थिमज्जेला दाबतं. दोन्ही एकत्र म्हणजे हिमोग्लोबिन दोन्हीकडून ओढलं जातं. अशा मुलीला झिडोव्हुडिन टाळून टेनोफोविर किंवा अबॅकॅविरवर ठेवणं बरं. टेनोफोविर असेल तर क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) डोळा ठेवायचा, कारण सिकलसेल मूत्रपिंडालाही त्रास देतो. केंद्रावर सिकलसेलचं कार्ड दाखवायला सांगा. बऱ्याचदा एका खिडकीवरचा आजार दुसऱ्या खिडकीला माहीतच नसतो.

लांब पल्ल्याचं विचारलं होतं म्हणून इथेच लिहितो. टेनोफोविरनं काहींची हाडं थोडी विरळ होतात, वर्षातून एकदा क्रिएटिनिन बघायचं. डोलुटेग्रॅविरनं काहींचं वजन वाढतं, मुलींचं जास्त. वजन आणि साखर बघत राहायची. जेवणाशी त्याचं वाकडं नाही, पण लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची पातळ औषधं यांच्याशी आहे. ती पोटात औषधाला धरून ठेवतात. लोह-कॅल्शियम घ्यायचंच असेल तर भरल्या पोटी दोन्ही बरोबर चालतात. उपाशीपोटी असेल तर डोलुटेग्रॅविर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ॲसिडिटीच्या पातळ औषधांना मात्र हे अंतर नेहमीच ठेवायचं. टीबीवर रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्रॅविर दिवसातून दोनदा लागते, बारा तासांनी एक जादा गोळी. भाच्याला तेव्हा तशी दिली असेल.

आणि खरा शत्रू अजूनही टीबीच आहे. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. टीबी नसल्याची खात्री झाली की प्रतिबंधक उपचार मिळतो, तो झालाय का ते केंद्राच्या हिरव्या पुस्तकात (उपचाराच्या नोंदवहीत) बघा.

नदीकाठ

शनिवार-रविवार सुट्टी असा काही प्रकार निघालाय म्हणे? माझ्या पुतण्यानं रील बघून पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी असं सुरू केलंय.

ओपीडीतला_माणूस

आजच थांबवा त्याला. ब्रीदर नावाची चाचणी झाली होती, आठ ते चोवीस वयाच्या सुमारे २०० जणांवर, निकाल २०१६ मध्ये आला. पाच दिवस घेणारे रोज घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत, हे खरं. पण ते सगळे इफाविरेन्झवर होते, ते रक्तात बराच काळ रेंगाळतं. शिवाय वर्षभर लोड दबलेलेच निवडले होते आणि चाचणीत त्यांचा लोड वरचेवर तपासला जात होता. आपल्याकडे तपासणी वर्षाला एकदा. पुतण्या सुट्टीच्या दोन दिवसांचे चार कधी करेल ते त्यालाही कळणार नाही.

सडेतोड

ठीक. वैद्यांचं मागे घेतो. पण लग्नाचं काय? मुलीचं आयुष्य बरबाद करायचं का? हा प्रश्न कुणी घेतच नाहीये.

बोरी_बाभळी

मी घेते. माझं लग्न झालंय. नवरा निगेटिव्ह आहे आणि निगेटिव्हच राहिलाय. आम्ही सोबत काम करायचो. त्यानं विचारलं तेव्हा मी आधी हे सांगितलं, मग त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्याच्या आईला आम्ही सांगितलेलं नाही आणि तो निर्णय आमचा आहे.

व्हायरल लोड २०० च्या खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास झालेत, दाबलेल्या लोडमधून एकही लागण झालेली नाही. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. गरोदरपणात मी टीएलडीच घेत होते. जन्मल्यावर तिला सहा आठवडे नेव्हिरापिनचं औषध, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी, मग सहा महिने, वर्ष, आणि अठराव्या महिन्याला शेवटची. निगेटिव्ह. काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. माझ्या आईला ते औषध मिळालं नाही. तिची चूक नव्हती.

‘बरबाद’ हा शब्द परत वापरू नका, विनंती.

सडेतोड

बरं. वापरत नाही.

ओपीडीतला_माणूस

ताई, एक सांगायचं राहिलं, तुमच्यासाठीच. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. त्यांची तपासणी पंचविशीपासूनच सुरू करायला सांगतात, दर तीन ते पाच वर्षांनी. एआरटी केंद्रावर कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

बोरी_बाभळी

नव्हतं सांगितलं कुणी. धन्यवाद.

आश्रमशाळा_मास्तर

आमच्या निवासी शाळेत असा एक मुलगा आहे. संस्थेतले एक जण म्हणतात, सगळ्यांचीच तपासणी करून घेऊ. करता येते का? आणि औषध कुठे ठेवावं?

समुपदेशन_खिडकी

अजिबात नाही. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, शाळेत प्रवेशाला किंवा नोकरीला तपासणीची अट नाही, आणि विश्वासानं सांगितलेली माहिती संमतीशिवाय फोडायला बंदी. नोकरीचं तर मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ सालीच सांगितलं होतं की काम करण्याची ताकद असताना निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून माणसाला नोकरी नाकारता येत नाही. हे पऱ्हाटीभाऊंच्या भाच्यालाही उपयोगी. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, फार थोड्यांना माहीत असतं. आई-वडील नसतील तर बारा ते अठरा वयाची समंजस बहीण किंवा भाऊ धाकट्यांच्या शाळाप्रवेशाला, उपचाराला, बँक खात्याला पालक म्हणून सही करू शकतो.

मास्तर, त्या मुलाच्या घरी पैशाची अडचण असेल तर बालसंगोपन योजना बघा, अठरा वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये. औषधासाठी सगळ्यांच्या नजरेसमोरचं कपाट नको. अधीक्षकांपैकी एकाच माणसाकडे जबाबदारी असू द्या, तोही मुलानं निवडलेला.

बोरी_बाभळी

आणि गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत काढून ठेवू देऊ नका, मी करायचे ते. पावसाळ्यात ओल लागते. डबा तोच ठेवायचा, आतली ओल शोषणारी छोटी पुडीही. डब्यावरचा नावाचा कागद तेवढा ओला करून खरवडून काढायचा.

वाचक_वाशिम

वाचनखूण साठवली. एवढी माहिती आम्हाला कधी कुणी दिली नाही.

समुपदेशन_खिडकी

झिंबाब्वेतलं एक काम सांगते, निवृत्त झाल्यावर वाचलं. तिथं झ्वान्दिरी नावाचा कार्यक्रम आहे. त्यात स्वतः एचआयव्ही असलेली, औषधावर स्थिरावलेली १८ ते २४ वयाची मुलं-मुली लहान पोरांच्या घरी जातात, मेसेज करतात, सोबत केंद्रावर येतात. ९६ आठवड्यांनी लोड वाढलेला असणं किंवा मृत्यू, हे दोन्ही मिळून कार्यक्रमातल्या मुलांत २५ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारावरच्या मुलांत ३६ टक्के. औषधं दोन्हीकडे तीच, केंद्रं तशीच गर्दीची. फरक फक्त सोबतीचा. मी पन्नाशीची बाई सतरा वर्षांच्या पोराला ‘गोळी घे रे’ म्हणणार आणि बोरी_बाभळी म्हणणार, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्या प्रत्येक केंद्रावर अशी दोन मुलं पगारावर ठेवली तर माझ्या मते नव्या यंत्रांपेक्षा जास्त जीव वाचतील.

पांदणरस्ता

पगारावर. हे ठळक करा. फुकटात राबवतीन नाही तं.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. धागा भाच्याला वाचायला दिला. त्यानं बोरी_बाभळीचा मोठा प्रतिसाद वाचला आणि म्हणाला, मामा, मला पण बिछानाच सरकवला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला. आईपर्यंत हे नेलेलं नाही.

त्याचे स्वतःचे दोन प्रश्न आहेत, त्याच्या शब्दांत देतो: “कंपनीत शिफ्ट बदलते, एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी. गोळीची वेळ कशी लावू? आणि पुण्यात गोळ्या कुठून घ्यायच्या, दर महिन्याला गावी यायला सुट्टी नाही मिळणार.”

ओपीडीतला_माणूस

वेळ अशी निवड, की दोन्ही पाळ्यांत तू खोलीवर आणि जागा असशील. संध्याकाळी सात-आठ बहुतेकांना जमतं, रात्रपाळीला निघायच्या आधी आणि दिवसपाळीहून आल्यावर. तास-दोन तास इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. विसरलास तर आठवेल तेव्हा घे. फक्त पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी उरले असतील तर ती सोडून दे, दोन एकदम घेऊ नकोस.

समुपदेशन_खिडकी

केंद्र बदलून मिळतं. निघायच्या आधी आपल्या केंद्रावर जाऊन ट्रान्सफर आउट सांगायचं, ते पत्र देतात आणि प्रवासापुरत्या गोळ्याही. हिरवं पुस्तक आणि शेवटचा व्हायरल लोड रिपोर्ट सोबत ठेव, मोबाईलमध्ये फोटो काढून. पिंपरी-चिंचवडला केंद्र आहे, चाकणहून तेच जवळ पडेल. रुजू व्हायच्या आधी तिथं नाव नोंदव, गोळ्या संपत आल्यावर शोधत बसू नकोस. कुठं अडलं तर १०९७ वर फोन कर, मोफत आहे, मराठीत बोलतात.

बोरी_बाभळी

आणि व्यनि (खासगी निरोप) कर. पिंपरीला माझ्या ओळखीची दोन मुलं आहेत, तुझ्याच वयाची, त्यांना विचारून मग नंबर देते.